एगर (हंगेरी): बुडापेस्टहून एका दिवसात उरकावं की मुक्काम करावा?

आंबट_चुका
नमस्कार मंडळी. सप्टेंबरअखेर आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि सासूबाई, बुडापेस्टला जाणार आहोत. नवऱ्याची कॉन्फरन्स आहे, त्यामुळे त्याचं तिकीट ऑफिसचं आणि आम्हा दोघींचं त्याच्या खिशातून. बुडापेस्टवर इथे आधीच धागे आहेत, ते वाचून काढले. प्रश्न एगरचा आहे.

नवऱ्याच्या तिथल्या सहकाऱ्याने सांगितलं की बुडापेस्टबाहेर एकच गाव बघायचं तर एगर बघा. किल्ला आहे, तुर्की मिनार आहे, मागे डोंगर आहेत. टूरवाले मात्र तेच गाव 'वाइन टूर' म्हणून विकतात. सकाळी न्यायचं, दुपारभर तळघरात बसवायचं, रात्री परत. आमच्यात पिणारा एकच, आणि सासूबाई शेजारी बसल्यावर त्याच्याही घशाखाली किती उतरेल देव जाणे.

तर प्रश्न असे: वाइन वगळली तर एगरला बघण्यासारखं काय उरतं? एका दिवसात होतं का? आणि सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, गुडघे कुरकुरतात, पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. त्यांचं काय करायचं?

'मग हंगेरीला जाताच कशाला' हा प्रतिसाद घरातून मिळालेला आहे, परत देऊ नये.

सातारी_मुसाफिर
पयला! माहिती शून्य, पण वाचनखूण साठवली.

धावती_भेट
एका दिवसात आरामात होतं. आम्ही सकाळच्या गाडीने गेलो, किल्ला, चौक, मिनार, बासिलिका (मोठं चर्च) करून संध्याकाळी बुडापेस्टात परत. गाव एवढंसं आहे, सगळं चालत. मुक्काम करून करणार काय? रात्री नऊनंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही.

किल्लेदार_नाशिक
@धावती_भेट, किल्ल्यावर किती वेळ होतात?

धावती_भेट
तासभर असेल. वर नुसती हिरवळ आणि तटबंदी. राजगड बघितलेल्या माणसाला त्यात विशेष काही नाही.

किल्लेदार_नाशिक
वाटलंच. दिवे घ्या, पण हे म्हणजे पावनखिंडीत जाऊन 'इथे नुसते दगडच आहेत की' म्हणण्यासारखं झालं. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

डॅन्यूबकाठी
बुडापेस्टात बरीच वर्षं राहतो, म्हणून आधी जाण्यायेण्याचं सांगतो. केलेती स्टेशनातून थेट गाडी मिळते, साधारण दोन तास. थेट नसेल तर फ्युझेशाबोन्यला बदलायची. बसलाही तेवढाच वेळ लागतो, ती स्टेडियमजवळच्या बसस्थानकावरून सुटते. तुमच्यासाठी बसच बरी. एगरचं बसस्थानक बासिलिकेच्या मागेच आहे, उतरलात की गावात. रेल्वे स्टेशन गावाच्या दक्षिणेला, सामान घेऊन चालायला नको वाटेल एवढं लांब.

गाव लहान आहे हे खरं, वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. मधून एगर नावाचाच ओढा वाहतो, मधोमध दोबो चौक, चौकात मिनोराइट पंथाचं गुलाबी-पिवळसर चर्च आणि त्याच्या डोक्यावर किल्ला. पण 'एवढंसं' मोजताना लोक लिसेउम (बिशपने बांधलेली जुनी विद्येची इमारत) विसरतात, गरम पाण्याची आंघोळ विसरतात आणि मागचा ब्यूक डोंगर तर पूर्णच विसरतात. माझं मत: एक रात्र किमान, दोन असतील तर उत्तम. दुसरा दिवस गावासाठी नव्हे, गावाबाहेर जाण्यासाठी.

सुतरफेणी
शाकाहाराचं मी सांगते, माझा हाच छळ झालेला आहे.

आई असोत वा सासूबाई, हंगेरीत पहिला शत्रू मांस नाही, डुकराची चरबी. भाजी म्हणून जे येतं ते पुष्कळदा त्यात परतलेलं असतं. त्यामुळे 'मांस नाही ना?' एवढंच विचारून भागत नाही, 'तेलात की चरबीत?' हेही विचारायचं. दुसरा शत्रू 'सजावट'. तुरोश चुसा नावाचा प्रकार मिळतो, शेवयांसारख्या चपट्या पास्त्यावर ताजं चीज आणि आंबट साय. उत्तम लागतो, पण वर बेकनचे कुरकुरीत तुकडे पेरून आणतात. आधीच 'सालोन्ना नको' म्हणून सांगायचं, आणि पास्त्यात पुष्कळदा अंडं असतं, तेही विचारायचं. फ्योझेलेक म्हणजे घट्ट केलेली भाजी, पालकाची, वाटाण्याची, भोपळ्याची. चांगली असते, फक्त वर तळलेलं अंडं किंवा सॉसेज ठेवतात.

बिनधोक गोष्टी: आंबट चेरीचं गार सूप (मिळालं तर सोडू नका, आमच्याकडे त्याला 'कोकम सार परदेशी' असं नाव पडलं) आणि लांगोश. शेकोटीवर गोल फिरवत भाजलेला क्युर्त्योशकालाच नावाचा गोड पाव मात्र विचारल्याशिवाय नको, त्याच्या पिठात बहुधा अंडं असतं. लांगोश म्हणजे ताटाएवढी फुगलेली पुरी, तिच्यावर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज. तळायला तेल वापरतात, पण विचारून घ्याच. पीठ मळताना काय काय घालतात तेही.

आंबट_चुका
सुतरफेणी, तुम्ही देवमाणूस आहात. तळलेलं चीज मिळतं म्हणतात ना?

सुतरफेणी
मिळतं की, सगळीकडे. पण बाहेरच्या पावाच्या चुऱ्याच्या आवरणात अंडं असतं. म्हणून मुद्दाम लिहिलं नव्हतं.

खवचट_म्हातारा
थोडक्यात सासूबाईंनी लसूण-चीज-पुरीवर दिवस काढायचे. गुडघे राहिले बाजूला, आधी कोलेस्टेरॉल बघा.

भाकरवडी_एक्स्प्रेस
पिशवीत मेतकूट, थेपले, भाकरवडी. प्रश्न मिटला. युरोपात गेलेली प्रत्येक मराठी बॅग उघडून बघा, हेच सापडेल.

किल्लेदार_नाशिक
आता किल्ला. थोडं लांबेल.

१५२६ साली तुर्कांशी झालेल्या मोहाचच्या लढाईत हंगेरीचा राजा मारला गेला आणि देशाची फाळणी झाली. १५४१ पासून बुडा तुर्कांकडे. मग मधल्या सरहद्दीवर जी ठाणी उरली, त्यांत एगर महत्त्वाचं, कारण ते उत्तरेकडच्या खाणींच्या शहरांची वाट अडवून होतं. १५५२ हे त्या सरहद्दीसाठी काळं वर्ष. जुलैत तेमेश्वार पडलं, सप्टेंबरच्या सुरुवातीला सोल्नोक पडलं, आणि विजयी तुर्की फौजा एगरखाली आल्या. गडावर दोबो इश्त्वान हा किल्लेदार आणि बायकापोरांसह दोनेक हजार माणसं. समोरच्या फौजेचे आकडे जुन्या वर्णनांत दीड-दोन लाखांपर्यंत फुगवलेत, आजचे इतिहासकार पस्तीस-चाळीस हजार धरतात. तेही कमी नाहीत.

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सुमारे पाच आठवडे वेढा चालला. ४ ऑक्टोबरला गडावरच्या चर्चमध्ये साठवलेल्या दारूचा स्फोट झाला. म्हणजे अर्ध्या वेढ्यात दारूगोळाच गेला. तिथून पुढे बोर्नेमिस्सा गेर्गेय नावाच्या अधिकाऱ्याने गडावरच दारू करवून घेतली, आणि चक्कीच्या मोठ्या चाकात पेटणारं साहित्य ठासून ते उतारावरून वेढा घालणाऱ्यांच्या अंगावर सोडलं. तटावर बायका लढल्या. सेकेय बेर्तालानने १८६७ मध्ये काढलेलं त्यांचं चित्र हंगेरीत घराघरात ओळखीचं आहे. शेवटी थंडी, पाऊस आणि उपासमार यांना कंटाळून तुर्क उठून गेले.

बाहेरून राजाची मदत आली? नाही. दोबोने पुढच्या वर्षी निषेध म्हणून किल्लेदारी सोडली.

म्हणून @धावती_भेट, तिथे 'नुसती हिरवळ' दिसते ती बघायची नजर वेगळी लागते. खालच्या भुयारांत (कॅसमेट म्हणतात) वाटाड्याबरोबर जा. सुरुंग कुठून खणताहेत ते ओळखायला ढोलावर वाटाणे ठेवायचे, खाली कुदळ चालली की ते नाचायला लागायचे. मला तरी त्या अंधारात उभं राहून ते ऐकताना नाशिकजवळचा रामशेज आठवला.

धावती_भेट
सुंदर लिहिलंय, पण माझा मुद्दा तोच आहे. ही माहिती पुस्तकात मिळते. गडावर बघायला काय आहे? अर्धा गड तर दिसतच नाही.

डॅन्यूबकाठी
दिसत नाही, कारण तो अर्धा ऑस्ट्रियाने उडवला. १७०२ मध्ये हॅब्सबर्ग घराण्याच्या (हंगेरीचे राजे तेव्हा तेच) सैन्याने बाहेरचा गड सुरुंग लावून पाडला, उद्या हंगेरियन बंडखोर त्यात शिरून बसले तर काय म्हणून. आता त्याच बाजूने सिल्वाशवारादची रेल्वे जाते. किल्ल्याच्या पायथ्यालाच एगरवार नावाचा थांबा आहे. तुर्कांनी जे पाच आठवड्यांत केलं नाही ते आपल्याच राजाने शांततेच्या काळात केलं.

इतिहासाचा_मास्तर
किल्लेदारांनी गोष्ट अर्ध्यावर सोडली. गडप्रेमी मंडळी विजयाच्या दिवशी पुस्तक मिटतात हा आपला राष्ट्रीय रोग आहे, आणि हंगेरियन लोकही त्यातलेच.

१५९६ मध्ये सुलतान तिसरा मेहमेद स्वतः आला. गडावर या वेळी बव्हंशी भाडोत्री परदेशी शिबंदी होती. तिने काही आठवड्यांत गड सोडला, जीवदानाचं वचन मिळालेलं असूनही बाहेर पडताना त्यांची कत्तल झाली. त्यानंतर एगर तब्बल ९१ वर्षं तुर्कांकडे, १६८७ पर्यंत. तेव्हाही गड तोफांनी घेतला गेला नाही, आतल्या तुर्कांना उपाशी ठेवून घेतला गेला.

आणि वीरांचं काय झालं? बोर्नेमिस्सा दोबोनंतर किल्लेदार झाला, १५५४ मध्ये तुर्कांच्या हाती सापडला आणि कॉन्स्टँटिनोपलला त्याला मारलं. दोबोवर पुढे राजद्रोहाचा आरोप आला, पोझोन्यच्या, म्हणजे आजच्या ब्रातिस्लावाच्या, किल्ल्यात कैदेत पडला आणि १५७२ मध्ये सुटल्यावर थोड्याच दिवसांत वारला. चौकातला त्याचा तलवार उपसलेला पुतळा १९०७ चा. राजाने कैद केलेल्या माणसाचा पुतळा उभा राहायला साडेतीनशे वर्षं जायची असतात बहुधा.

किल्लेदार_नाशिक
मास्तर, साष्टांग. रामशेजचंही तेच. वर्षानुवर्षं मोगलांना दाद दिली नाही आणि शेवटी फितुरीने गेला. पहिला किल्लेदार सगळ्यांना आठवतो, गड देणारा कुणाला आठवत नाही.

गरम_कांदाभजी
९१ वर्षं म्हणजे तीन पिढ्या. तेवढ्यात तुर्कांनी गावाची वाटच लावली असेल ना?

इतिहासाचा_मास्तर
एवढं सरळ नसतं हो. चर्चच्या मशिदी झाल्या, बरीच वस्ती पळाली, करांचा जाच होता, हे सगळं आहेच. पण त्याच काळातलं हमामखाना तिथे अजून वापरात आहे. १७व्या शतकाच्या सुरुवातीचं बांधकाम, आता डागडुजी आणि वाढ करून चालवतात. हंगेरियन माणूस दोबोच्या पुतळ्याला हार घालतो आणि संध्याकाळी पाशाच्या घुमटाखाली डुंबतो. त्याला त्यात विसंगती वाटत नाही.

डॅन्यूबकाठी
मिनारही त्याच काळातला. ४० मीटर उंच, चौदा कोनांचा, लाल वालुकाश्माचा. युरोपात इतक्या उत्तरेला उभा राहिलेला दुसरा तुर्की मिनार नाही असं तिथे सांगतात. शेजारची मशीद १८४१ मध्ये पाडली. मिनार ओढून पाडायला चारशे बैल जुंपले होते आणि तो हलला नाही, ही दंतकथा प्रत्येक वाटाड्या सांगतो.

आत ९७ पायऱ्या आहेत, गोल आणि भयंकर अरुंद. सासूबाईंना अजिबात नेऊ नका. नवऱ्याला नेण्याआधी त्याच्या खांद्यांची रुंदी बघा.

आंबट_चुका
नवऱ्याच्या खांद्यांचा प्रश्न नाही, त्याखाली जे आहे त्याचा आहे.

खवचट_म्हातारा
😂 वरून खाली येणाऱ्याने आणि खालून वर जाणाऱ्याने मध्येच गाठ घातली तर काय करतात?

डॅन्यूबकाठी
एक जण मागे सरकत खाली येतो. कोण ते देहयष्टीवर ठरतं. वरचा सज्जाही एवढा निमुळता आहे की चार माणसं झाली की पोटं आत घ्यावी लागतात.

फिरस्ती_पेठेतली
वेगळं मत मांडते. एगर छान आहे, पण दुसरं ऐतिहासिक गाव बघायचंच तर दक्षिणेला पेचला का नाही जात? रोमन काळातलं सोपिआने तेच. ४थ्या शतकातली ख्रिस्ती कबरस्थानं जमिनीखाली, भिंतींवर रंगीत चित्रं, २००० पासून जागतिक वारसा. मुख्य चौकात गाझी कासिम पाशाची मशीद आहे, तिच्या घुमटावर चंद्रकोर आणि क्रॉस एकत्र, आणि आत कॅथलिक प्रार्थना चालते. शिवाय झोल्नाय चिनीमातीचा कारखाना, ज्यांच्या चकाकत्या कौलांनी बुडापेस्टची छपरं सजलीत. एगरला यातलं काय आहे?

डॅन्यूबकाठी
पेच माझंही आवडतं आहे. पण सासूबाईंना गाडीत तीन तास जाताना आणि तीन येताना बसवायचं का? एगर जवळ आहे आणि मागे डोंगर आहे, हा फरक.

काजळमाया७१
पेचवाल्या ताईंना एगरला काय आहे ते मी सांगते: लिसेउम.

१८व्या शतकात बिशप एस्तेर्हाझी कारोय याला एगरला विद्यापीठ काढायचं होतं. भव्य इमारत बांधली, व्हिएन्नाच्या हॅब्सबर्ग दरबाराने परवानगीच दिली नाही. तरी त्याने आत ग्रंथालय आणि वेधशाळा उभी केली. ग्रंथालयाच्या छतावर क्राकर या चित्रकाराने १७७८ मध्ये ट्रेंटची धर्मपरिषद (कॅथलिक चर्चची १६व्या शतकातली सभा) रंगवली आहे. छत जवळपास सपाट आहे, पण खालून बघताना वर गॉथिक कमानी उंच उंच गेल्यासारख्या वाटतात. एका कोपऱ्यात वीज कोसळून पाखंडी पुस्तकं जळताहेत. ग्रंथालयाच्या छतावर पुस्तकं जळताना! आणि खाली हजारो पुस्तकं मुकाट ओकच्या कपाटांत उभी.

मनोऱ्याच्या टोकाला एक अंधारी खोली आहे. मध्ये पांढरं गोल टेबल, त्याभोवती आपण उभे. वर भिंग आणि आरसा. बाई दांडी फिरवते आणि टेबलावर एगर उमटतं. फोटो नव्हे, चालतं गाव. मी गेले तेव्हा चौकात एक माणूस आइस्क्रीम खात चालला होता. बाईने कागदाचा तुकडा त्याच्या खाली सरकवला आणि त्याला अलगद उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. तो बिचारा आइस्क्रीम खातच होता. १८व्या शतकात हे बघितलेल्या गावकऱ्याला काय वाटलं असेल!

सातारी_मुसाफिर
हे भारी आहे. सरळ गावावर सीसीटीव्ही, तोही विजेशिवाय.

काजळमाया७१
अगदी. आणि बिशपच्या ताब्यात! पण पायऱ्या पुष्कळ आहेत हे आंबट_चुका यांनी लक्षात घ्यावं. सासूबाईंनी ग्रंथालयापर्यंत यावं, पुढे तुम्ही दोघं.

द्राक्षबाग_पिंपळगाव
वाइनचं कुणी बोलेना म्हणून मी येतो. द्राक्षाचा शेतकरी आहे, एका अभ्यासदौऱ्यात गेलो होतो.

एगरची प्रसिद्ध लाल वाइन बिकावेर, म्हणजे 'बैलाचं रक्त'. गोष्ट अशी सांगतात की १५५२ च्या वेढ्यात सैनिकांच्या दाढ्या वाइनने लाल झालेल्या बघून तुर्कांना वाटलं, हे बैलाचं रक्त पितात, आणि ते घाबरले. विक्रीसाठी झकास. पण त्या काळात एगरला पांढरी द्राक्षंच व्हायची, लाल वाण आणि लाल वाइन करायची पद्धत नंतर दक्षिणेकडून आलेल्या सर्ब लोकांबरोबर पोचली. बिकावेर हे नाव तर १९व्या शतकातलं. ती एका वाणाची नसते, मिश्रण असतं, आणि कणा असतो तो केकफ्रांकोश या वाणाचा. कम्युनिस्ट राजवटीत सरकारी कारखान्यांनी टँकरच्या हिशोबाने काढून तिची अब्रू घालवली होती, आता लहान उत्पादकांनी सावरली आहे.

मला वाइनपेक्षा तळघरं आवडली. सगळी टेकडी ज्वालामुखीच्या राखेच्या दगडाची, टफ म्हणतात. कुदळीने खणता येतो आणि खणून झाल्यावर पडत नाही. आपल्या बेसाल्टमध्ये असं करायचं तर वेरूळएवढा खर्च. आत वर्षभर एकसारखा गारवा, भिंतींवर काळी मखमली बुरशी. बोट लावलं तर कोरडी, मऊ. मालक सांगत होता, ही आहे म्हणजे तळघराची हवा बरोबर आहे.

आंबट_चुका
हे फार छान. पण ते सेपासोन्य खोरं म्हणतात तिथेच सगळे टूरवाले नेतात ना? ते कसं आहे?

द्राक्षबाग_पिंपळगाव
'सुंदर बाईचं खोरं'. गावापासून पायी वीसेक मिनिटं, नाहीतर रस्त्यावरून फिरणारी खेळण्यातली आगगाडी असते ती नेते. अर्धवर्तुळात तळघरांची दारं, बाहेर बाकडी. काही ठिकाणी उत्तम, काही ठिकाणी प्लास्टिकच्या बाटलीत लिटरवर मोजून देतात ती प्यायलात तर दुसऱ्या दिवशी बैलाचं रक्त तुमच्या डोळ्यांत दिसेल. चांगली चाखायची तर गावातल्या नावाजलेल्या उत्पादकांकडे वेळ ठरवून जा.

खवचट_म्हातारा
सासूबाईंना खोऱ्याचं नाव सांगू नका.

रानवाट
सगळे गावात अडकलेत. डॅन्यूबकाठींनी 'गावाबाहेर' म्हणून सोडून दिलं, मी पुढे नेतो.

एगरहून सिल्वाशवारादला छोटी गाडी जाते, तासाभरात. वाटेत बेलापातफाल्वा लागतं. मागे बेल-क्यो नावाचा पांढरा डोंगर, सिमेंटसाठी पायऱ्या पाडून कापलेला. खाण आता बंद आहे, पण जखम लांबूनही दिसते. त्याच डोंगराच्या पायथ्याशी १२३२ मध्ये स्थापलेला सिस्टर्शियन साधूंचा मठ, त्याचं चर्च अजून उभं आहे. जाडजूड भिंती, बारीक खिडक्या, आजूबाजूला कुणी नाही. बासिलिका बघून दिपलेल्या डोळ्यांना बरं वाटतं. स्टेशनपासून चढ चालावा लागतो, सासूबाईंसाठी टॅक्सी विचारा.

सिल्वाशवारादला पांढऱ्या लिपित्सानर घोड्यांची पैदास होते. शिंगरू जन्मतः काळपट, वर्षं जातील तसतसं पांढरं. तबेला बघता येतो. आणि मग सालायका दरी. बीचचं जंगल, स्वच्छ ओढा, ट्राउट माशांची तळी आणि वर जाणारी अरुंद रुळांची उघडी गाडी. शेवटच्या थांब्याजवळ फात्योल धबधबा, चुन्याच्या साठ्यांवरून पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा. आंबोली बघितलेल्या माणसाने 'धबधबा' या शब्दावर जाऊ नये. पण उतरताना गाडी सोडून ओढ्याकाठच्या सपाट वाटेने या, दरी तेव्हाच कळते. गुडघेदुखीवाल्यांनाही झेपते. सप्टेंबरअखेर पानं पिवळी व्हायला लागलेली असतात.

गरम_कांदाभजी
@रानवाट ट्राउट कसा देतात तिथे? (शाकाहारी मंडळींनी पुढचा प्रतिसाद वाचू नये.)

रानवाट
धुरावलेला, अख्खा, कागदावर. पावाच्या तुकड्याबरोबर. डोळे मिटून खा, त्याचेही उघडे असतात.

अर्धा_कप
गुडघ्यांचा विषय निघालाय आणि एगरसालोक कुणी सांगितलं नाही? १९६१ मध्ये तिथे बोअर घेताना ६५ अंशांच्या वरचं पाणी लागलं. ते डोंगरउतारावरून वाहत राहिलं आणि क्षारांचे पांढरे थर साठत एक टेकडीच तयार झाली, तीही वाढतेच आहे. शेजारी स्नानगृह आहे, तिथे अर्थातच सोसवेल असं कोमट करून देतात. माझ्या आईला घेऊन गेले होते, ती तळ्यातून बाहेर यायला तयार नव्हती. एगरहून बस जाते.

फक्त पोहण्याचा ड्रेस लागतो. साडी, सलवार, टी-शर्ट काहीही चालत नाही. आईने आधी 'मी काठावर बसते' म्हटलं होतं. तिथल्या सत्तरीच्या हंगेरियन आजीबाई ज्या थाटात आत उतरत होत्या ते बघून अर्ध्या तासात विचार बदलला. पूर्ण बाह्यांचे, गुडघ्यापर्यंतचे ड्रेस आपल्याकडे मिळतात, इथूनच घेऊन जा.

सुतरफेणी
+१००. आणि त्या पाण्यात वीस मिनिटांच्या वर राहू नये. बीपी असेल तर नक्कीच नाही.

धावती_भेट
बरं, मान्य, डोंगर आणि गरम पाणी धरलं तर मुक्काम हवा. पण मग धाग्याचं नाव 'एगर परिसर' असायला हवं होतं. नुसतं गाव एका दिवसात होतं, या मतावर मी ठाम आहे.

किल्लेदार_नाशिक
किल्ल्याचा एक तास वाढवून दाखवा, मग बोलू.

आंबट_चुका
सगळ्यांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवले (खोऱ्याचं नाव वगळून). बेत असा ठरतोय: सकाळच्या बसने एगर, दुपारी ग्रंथालय आणि किल्ला. दुसऱ्या दिवशी सिल्वाशवाराद. तिसऱ्या दिवशी सकाळी एगरसालोक आणि मग परत. घोड्यांचं ऐकून त्या खूश आहेत. पोहण्याच्या ड्रेसवर अजून काही बोलल्या नाहीत, पण काल लेकीला फोन करून दुकानाचं नाव विचारत होत्या.

डॅन्यूबकाठी
उत्तम बेत. फक्त किल्ल्याचा दिवस सोमवारी ठेवू नका. हंगेरीत बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, मग खरोखरच नुसती हिरवळ बघावी लागेल.

धावती_भेट
आम्ही सोमवारीच गेलो होतो.

किल्लेदार_नाशिक
🙏

पुणे_ते_पुस्ता
धागा वर काढतोय. आम्ही चौघं मित्र गाडी भाड्याने घेऊन होल्लोक्यो आणि एगर एकत्र करायचं म्हणतोय. होल्लोक्यो म्हणजे ते पालोत्स लोकांचं जुनं गाव, १९८७ चा जागतिक वारसा. बसने जुळवणं कठीण दिसतंय. गाडीचं काय काय बघावं लागेल?

डॅन्यूबकाठी
हो, होल्लोक्योला गाडीच बरी. महामार्गावर टोलनाके नाहीत, आधी ऑनलाइन ई-परवाना घ्यावा लागतो, भाड्याच्या गाडीला तो आहे का ते घेतानाच विचारा. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परमिट ठेवा. आणि सर्वात महत्त्वाचं: हंगेरीत गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात मद्य शून्य हवं. थोडंसं, एक घोट, बिअरच तर होती, यातलं काही चालत नाही.

पुणे_ते_पुस्ता
म्हणजे एगरला एक जण कोरडा राहणार. आता चौघांत भांडणं.

द्राक्षबाग_पिंपळगाव
एगरला रात्री मुक्काम करा, गाडी हॉटेलात लावा, चौघंही चालत जा. एवढं सगळं वाचून तुम्हीही एका दिवसातच उरकायला निघालात होय?